अत्यंत समाधानी पाहुणा

थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे पत्र येऊन सात आठवडे झाले होते आणि ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिले नव्हते. ज्या माणसाने एकतीस वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून पुस्तके वेळेवर न परतवणाऱ्यांना स्मरणपत्रे धाडली, त्याला हे शोभत नव्हते. ते त्यांनाही कळत होते. पत्र त्यांनी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवले होते, कारण घरात तो खंड दुसरे कोणी उघडत नसे.

आक्काने लिहिले होते : ‘पेपरात तुझा फोटो पाहिला. म्हणजे नातीने पाहिला आणि मला सांगितलं. डोक्यावर सोनेरी मुकुट, बत्तिशी बाहेर आणि खाली लिहिलंय, अत्यंत समाधानी पाहुणा. अरे, तू स्वतःच्या लग्नातसुद्धा हसला नव्हतास, म्हणून विचारते. त्या रिसॉर्टला जायचं म्हणून नातीने घर डोक्यावर घेतलंय. माझ्याकडे डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे बाजूला ठेवलेले आहेत. डोळे काय, आणखी एक वर्ष ढकलता येतील. डॉक्टर नाही म्हणतो, पण तो नाहीच म्हणणार. तिथे पैसे वसूल होतात का, एवढंच कळव. फोन करू नकोस. फोनवर तू सगळ्यालाच हो हो करतोस. लिहिताना तू कधी खोटं लिहिलेलं नाहीस.’

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तरही एका शब्दाचे होते. पण तो शब्द लिहायचा, तर मुकुटाचे आणि बत्तिशीचे काय करायचे हे ग्रंथपालांना समजत नव्हते.

सहल मुलाने ठरवली होती. रिसॉर्टचा दर दर वर्षी वाढतो, तेव्हा जितके लवकर जाऊ तितके स्वस्त, असे त्याचे म्हणणे. सुनेचे म्हणणे वेगळे होते. इतका दर लावतात म्हणजे काहीतरी असेलच की! नातवाला कोणी विचारले नाही, कारण सगळे त्याच्याचसाठी चालले होते. आणि ग्रंथपालांना नेले, ते ज्येष्ठ नागरिकाला दोन टक्के सवलत होती म्हणून.

फाटकाशी दोन रांगा होत्या, साधी आणि जलद. मुलाने चौघांची जलद तिकिटे काढली होती. तशी ती सगळ्यांनीच काढली होती. त्यामुळे जलद रांग वाहनतळाला वळसा घालून पार रस्त्यावर आली होती आणि साध्या रांगेत एक म्हातारे जोडपे तेवढे उभे होते.

“आपण साध्या रांगेत जाऊ या का?” ग्रंथपालांनी भीत भीत सुचवले.

“काका, जलद तिकिटावर साध्या रांगेत नाही जाता येत,” पहारेकरी म्हणाला. “त्याला परिवर्तन शुल्क पडतं.”

“पण साधं तिकीट तर स्वस्त आहे ना?”

“तिकीट स्वस्त आहे हो. रांग महाग आहे. बघा ना, किती मोकळी आहे!”

मुलाने परिवर्तन शुल्क भरले नाही, कारण जलद तिकिटाचे पैसे वाया गेले असते. ते वाया जाऊ नयेत म्हणून चौघे तीन तास उन्हात उभे राहिले.

खोली ‘राजवाडा-दर्शन’ वर्गातली होती. खिडकीचा पडदा सरकवल्यावर समोर हिरव्या जाळीने झाकलेली बांधकामाची परांची दिसली. राजवाड्याची डागडुजी चालू होती. जाळीवर राजवाड्याचे चित्र छापले होते, तेही थोडे तिरके. सुनेने स्वागतकक्षाला फोन लावला. उत्तर आले, की डागडुजी दर बारा वर्षांनी एकदाच होते, आणि ती पाहण्याची दुर्मीळ संधी मिळते म्हणून या खोल्यांवर अधिभार आहे. तो बिलात धरलेला आहे, वेगळा भरण्याची तसदी घेऊ नये.

“बघा, वेगळा नाही घेत,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात हायसे वाटल्याचे ऐकून ग्रंथपालांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते उडत्या जहाजाच्या रांगेत अडीच तास उभे राहिले. जहाज पावणेदोन मिनिटे उडाले, आणि त्यातला बराच वेळ पट्टे सोडण्यात गेला. खाली उतरल्यावर एका टेबलामागे ‘मूल्य मार्गदर्शक’ अशी पाटी लावून एक तरुण अधिकारी बसलेला दिसला. ग्रंथपाल आयुष्यात कधी कोणाला जाब विचारायला गेले नव्हते. पण पाटीवर मार्गदर्शक असे लिहिले होते, म्हणून ते गेले.

“अडीच तासांत पावणेदोन मिनिटं, हे जरा कमी नाही का वाटत?”

“तुम्ही जहाजाचा वेळ मोजताय,” अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. “आम्ही पाहुण्याचा मोजतो. तुम्ही काल आत आल्यापासून किती तास झाले?”

“सव्वीस.”

“एकूण रकमेला सव्वीसने भागा. तासाचा दर गेल्या वर्षीपेक्षा कमी येतो की नाही? दर वाढवला तशी रांगही वाढवली आम्ही. पाहुण्याचं नुकसान नको. उलट ही जहाजंच सरासरी बिघडवतात. पुढच्या वर्षी त्यातली दोन काढून टाकतोय.”

ग्रंथपालांनी मनात भागाकार केला. तो बरोबर होता. आपल्याला मजा करायचीच अक्कल नाही की काय, अशी शंका त्यांना आली. ही शंका त्यांना लहानपणापासून होती.

निघण्याच्या दिवशी सकाळी निर्गम खिडकीवर प्रत्येकाला एक फॉर्म भरायचा होता. त्यात तीन चौकोन होते : असमाधानी, समाधानी, अत्यंत समाधानी. मुलाने आणि सुनेने न वाचताच तिसऱ्यावर खूण केली. ग्रंथपालांनी फॉर्म मागच्या बाजूसकट वाचला आणि पहिल्यावर केली.

खिडकीतल्या बाई हसल्या. “काका, चुकून वर खूण झालीय.”

“चुकून नाही.”

“मग तुम्हाला जाता येणार नाही.” त्यांनी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर सोनेरी अक्षरांत होते : ‘आमची हमी! एकही पाहुणा असमाधानी परत जाणार नाही.’

“अहो, ते असंच लिहायचं म्हणून लिहिलेलं असतं.”

“तसंच होतं आधी. मग कोणीतरी तक्रार केली, की तुम्ही हमी देता आणि पाळत नाही. तेव्हापासून काटेकोर पाळतो. तुम्ही समाधान कक्षात बसा. समाधान झालं की सांगा.”

“आणि खर्च?”

“राहण्याचा चालू दर. बारा वाजल्यापासून सुट्टीचा दर सुरू होईल.”

समाधान कक्षात मऊ कोच होते आणि भिंतीवर राजवाड्याची चित्रफीत चालू होती, जाळीशिवायची. कोपऱ्यात दाढी वाढलेले एक गृहस्थ बसले होते. ते गणिताचे शिक्षक होते आणि त्यांचा तिथला पाचवा दिवस होता.

“एकटेच?” ग्रंथपालांनी विचारले.

“बायकोचं पहिल्याच दिवशी समाधान झालं. गेली. मी म्हटलं, सही करीन तर खरी करीन. आता शाळा सुरू व्हायच्या आत काहीतरी करायला हवं.”

“पण तुम्हाला इथे या म्हणून सांगितलं कोणी?”

“मेव्हण्याने. छान आहे, जाच म्हणाला.”

“तो येतो का वरचेवर?”

“छे! एकदा आला तेवढाच. पुन्हा नाव काढत नाही. पण सांगतो सगळ्यांना.” शिक्षकांनी चष्मा पुसला. “त्याला त्याच्या साहेबांनी सांगितलं होतं.”

पावणेबाराला मुलगा कक्षात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“बाबा, काय चाललंय तुमचं? बाराच्या ठोक्याला दुप्पट होणार आहे. खूण करा आणि चला.”

“अरे, पण मला नाही आवडलं.”

“आवडलं कोणाला? पण म्हणून काय इथेच राहायचं?”

ग्रंथपालांनी तडजोड म्हणून मधल्या चौकोनावर खूण केली. बाईंनी फॉर्म परत सरकवला. “काका, नुसत्या समाधानींना तपासणीची रांग आहे, दोन तासांची. अत्यंत समाधानींना थेट दार.”

बाराला चार मिनिटे असताना ग्रंथपाल अत्यंत समाधानी झाले. लगेच कोणीतरी त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला, छायाचित्रकार समोर आला आणि त्याच वेळी दार उघडले. पलीकडे वाहनतळ दिसला, आपली गाडी दिसली. ग्रंथपाल अगदी मनापासून हसले. फोटो त्या क्षणाचा होता.

महिन्याभराने तो पेपरात आला. खाली मजकूर होता : ‘आमचे शंभर टक्के पाहुणे समाधानी. त्यांच्याच आग्रहास्तव नवीन दर लवकरच!’

हे सगळे आक्काला लिहावे, असे ग्रंथपालांना रोज वाटे. एकदा त्यांनी तीन पाने लिहिलीही. पण वाचून पाहिल्यावर त्यात रिसॉर्टपेक्षा आपणच जास्त हास्यास्पद दिसतो, असे त्यांच्या लक्षात आले, आणि पाने त्यांनी फाडली. त्यांनी मुलाला विचारले.

“लिहा ना खरं,” मुलगा म्हणाला. “फक्त मी ऑफिसात सगळ्यांना झकास आहे म्हणून सांगितलंय. माझं ऐकून तिघं जाऊन आले.”

“ते काय म्हणतात?”

“झकास म्हणतात.”

“खरंच?”

“आता मी सांगितलं म्हटल्यावर माझ्या तोंडावर वाईट कसं म्हणतील? आणि मीही खोदून विचारत नाही.”

म्हणून ग्रंथपाल गप्प राहिले. खोटे लिहिण्यापेक्षा न लिहिणे बरे, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात अजून शिल्लक होता. आणि त्या गप्प राहण्याने काम केले. आठव्या आठवड्यात आक्काचे कार्ड आले.

‘तुझं उत्तर नाही. समजायचं ते समजले. तुम्ही सगळे चांगले फसलात आणि सांगायची लाज वाटते. असू दे. सोमवारी डॉक्टरकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घेते. नातीला समजावीन.’

ग्रंथपालांना आता काहीच करायचे नव्हते. आक्काचे डोळे वाचले होते, पैसे वाचले होते. त्यांनी एक अक्षरही खोटे लिहिले नव्हते. नुसते कार्ड शब्दकोशात ठेवून चहा प्यायचा होता.

त्यांनी कार्ड पुन्हा वाचले. ‘चांगले फसलात’ हे शब्द त्यांनी तिसऱ्यांदा वाचले.

“आत्याचं काय आलंय?” मुलाने खांद्यावरून वाकून विचारले, आणि वाचून तोही लाल झाला. “फसलात? आपण? ती आता गावभर सांगणार! बाबा, तुमचा फोटो आहे पेपरात!”

“मूर्खच समजते ती मला,” ग्रंथपाल पुटपुटले. “पहिल्यापासून.”

सात आठवडे जे उत्तर सुचत नव्हते, ते पाच मिनिटांत लिहून झाले. आक्काला या डोळ्यांनीही वाचता यावे म्हणून त्यांनी अक्षर मुद्दाम मोठे काढले.

‘आक्का, उशीर झाला, क्षमा कर. फसलो वगैरे मुळीच नाही. दर जास्त वाटतो खरा, पण पैसे पुरेपूर वसूल होतात. नातीला घेऊन जरूर जा. दर वाढायच्या आत जा. डोळ्यांचं पुढच्या वर्षी पाहता येईल.’

सोमवारच्या आत पोचावे म्हणून त्यांनी जलद टपालाची तिकिटे लावली. पाकीट बंद करण्यापूर्वी मात्र त्यांना नेहमीची शंका आली, की आक्काचा विश्वास बसेल का. त्यांनी खाली एक ओळ वाढवली : ‘माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नकोस. तिथे जाऊन आलेलं कोणीही तुझ्या ओळखीत असेलच, त्यांना विचार. ते हेच सांगतील.’

मग पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि पत्र आत टाकले.