एका शब्दावर एक तास

"एका शब्दावर तासभर बोलेन आणि एकालाही जांभई येणार नाही," असं फियाक्रा मास्तरने गावभर सांगून ठेवलेलं. शब्द कुठला, तर 'मेहेल'. एकाचं काम अडलं की सगळा गाव फुकट राबायला येतो ना, ती टोळी. आयरिश भाषेतल्या या शब्दावर मास्तरचा भलताच जीव.

शेजारच्या नूलामावशी म्हणाल्या, "अरे, तुझ्या पीटच्या, जळणाच्या मातीच्या विटा अजून दलदलीवर पडल्यात. शनिवारी संध्याकाळी पाऊस आहे. भिजल्या तर थंडीत काय जाळशील? गेल्या वर्षी खुर्ची जाळलीस."

"शनिवारी भाषण आहे, मावशी. रविवारी आणतो."

"पावसाला कळवलंस का तसं?"

शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सँडविचचा ढीग, चहाची किटली आणि श्रोता एक. म्हातारे मार्टिन. तरी गडी सुरू झाला. "मेहेल. स्त्रीलिंगी. मुळात कापणी करणाऱ्यांची टोळी. 'मेहेलचा' म्हणताना रूप होतं 'मेहले'..."

"आमच्या टोळीत तर सगळे बाप्येच असायचे," मार्टिन म्हणाले. "मग स्त्रीलिंगी कशी?"

झालं. मास्तरचं डोकं फिरलं. सँडविच गाडीत कोंबले, हॉलला कुलूप ठोकलं आणि निघाला नूलामावशींना जाब विचारायला. घर बंद. पुढचं घर बंद. पबसुद्धा बंद! शनिवारी पब बंद म्हणजे कोणीतरी गेलंच, असं वाटून त्याने गाडी दामटली.

वळणावरून दलदल दिसली. अख्खा गाव तिथे वाकलेला, आणि तेही त्याच्याच तुकड्यावर. ट्रॅक्टरची ट्रॉली विटांनी भरत आलेली.

कोपरापर्यंत काळ्या झालेल्या नूलामावशी म्हणाल्या, "आलास? सँडविच आण इकडे."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास. आणि बोलत बसला असतास."

मास्तरने सँडविच मावशींच्या हातात दिले. त्याने गपचूप पोतं उचललं. शेवटची ट्रॉली त्याच्या पडवीत रिकामी झाली आणि पाऊस कोसळला.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "मार्टिनबाबा कुठायत?"

मास्तर पांढराफटक.

कुलूप उघडलं तर मार्टिन पुढच्याच खुर्चीत, किटली रिकामी. "मध्यंतर फार लांबलं बुवा. हं, स्त्रीलिंगी कशी ते सांग."

"सांग, सांग," म्हणत चिखलाच्या बुटांनी सगळे मास्तरचं ऐकायला बसले.

जांभई खरंच कोणाला आली नाही. पाचव्या वाक्याला सगळे थेट घोरायलाच लागले, मार्टिनसुद्धा. मास्तरने आवाज खाली आणला आणि कोणाची झोप मोडणार नाही अशा बेताने तास पुरा केला.