खोटा पेशंट

"दाजी, एक गोष्ट कानावर घालतो, पण माझं नाव कुठे घेऊ नका. तुमच्या दवाखान्यात खोटा पेशंट येणार आहे."

डॉक्टर चहात बिस्कीट बुडवत होते. ते मेव्हण्याच्या या वाक्याबरोबर तुटून कपाच्या तळाशी गेलं. मेव्हणा आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीत कामाला होता आणि बहिणीची खुशाली विचारण्यापलीकडे सहसा फोन करत नसे.

"खोटा म्हणजे?"

"म्हणजे आमचाच माणूस. चांगला धडधाकट. पण खोकत येणार, वजन उतरलंय म्हणून सांगणार. टीबीच्या पेशंटला डॉक्टर नीट तपासतात का, ते बघायचंय खात्याला. नापास होतील त्यांच्यासाठी शिबिर आहे. मोठ्या मॅडम स्वतः शिकवणार."

मॅडमचं नाव निघताच डॉक्टरांची पाचावर धारण बसली. कॉलेजात याच मॅडमनी त्यांना सगळ्या वर्गासमोर बरगड्या मोजायला लावल्या होत्या आणि एक कमी भरली होती.

"अरे, पण ओळखायचा कसा?"

"ओळखू येऊ नये म्हणून तर पाठवतात, दाजी. माणसं पक्की तयार केलीत. खोदून खोदून विचारलंत तरी कबूल करणार नाहीत."

डॉक्टर मनाने वाईट नव्हते, कंटाळलेले होते. दारात गर्दी मोठी, त्यात निम्मे खोकणारे, आणि खोकला म्हटला की डॉक्टरांचा हात आपोआप लाल औषधाच्या बाटलीकडे जाई. वस्तीत त्यांना पाठीमागे 'लाल बाटली' असंच म्हणत. थुंकी तपासायचं चांगलं मशीन दवाखान्यात होतं, पण त्यावर सिस्टरनी मनीप्लँटची कुंडी ठेवली होती आणि वेल खिडकीपर्यंत पोचला होता.

त्या सकाळी डॉक्टरांनी सिस्टर आणि लॅबवाल्याला सगळं सांगितलं आणि कुंडी हलली. लॅबवाल्याने मशीन पुसलं. टीबीच्या पेशंटला काय काय विचारायचं ते भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलेलं होतं. डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहून शाळेतल्या पोरासारखे मोठ्याने पाठ करू लागले. आणि नेमका त्याच दिवशी खोकणारा एक माणूस येईना. ज्याला त्याला पोटदुखी, नाहीतर पायात काटा.

दुपारी दारात एक हडकुळा माणूस उभा राहिला. हातात पाना, खांद्याला पिशवी. आधी तो पोटभर खोकला आणि मग म्हणाला, "नळ गळतोय म्हणून निरोप होता. कुठला नळ?"

डॉक्टरांनी सिस्टरकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"या या! बसा. खोकला किती दिवसांपासून आहे?"

"ते जाऊ द्या हो. नळाचं बघतो आधी."

"नळाचं बघूच. आधी तुमचं बघू."

सिस्टरनी डॉक्टरांना पडद्याआड ओढलं. "साहेब, नळवाल्याला निरोप मीच दिला होता. खराच नळवाला वाटतोय. हातात पाना आहे."

"पाना खात्यानं दिला असणार! सरळ पेशंट म्हणून आला तर कुणीही ओळखेल. ही माणसं पक्की तयार केलेली असतात, सिस्टर."

मग डॉक्टरांनी नळवाल्याला खुर्चीत बसवून पोस्टर वरपासून खालपर्यंत विचारून काढलं. संध्याकाळी ताप येतो का? येतो. भूक? मेली आहे. वजन? नळवाल्याने कमरेचा पट्टा दाखवला. त्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं होतं.

"छान! फार छान करताय," डॉक्टर मनापासून म्हणाले.

"काय छान? मागं दोनदा आलो होतो तुमच्याकडे. दोन्ही वेळेला लाल बाटली देऊन घालवलंत."

'हेही पाठ करून आलाय,' डॉक्टरांच्या मनात आलं. अभ्यास असावा तर असा! त्यांनी स्वतः नळवाल्याला मागच्या अंगणात नेलं, हातात डबी दिली आणि खोल श्वास घेऊन छातीतून कसं खाकरायचं ते तीनतीनदा करून दाखवलं. ते बघून नळवाल्याला हसू आलं, हसण्यातून खोकला आला आणि डबीचं काम झालं. मग मात्र तो तिथे थांबला नाही. पिशवी उचलून तरातरा चालू लागला. नळ गळतच राहिला.

"निघाला!" डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. "पण पोस्टरवर शेवटचं काय आहे? घरच्यांची चौकशी. चला सिस्टर, पत्ता घेतलाय."

घर लहानसं होतं. एकच खोली, दोरीवर कपडे, कोपऱ्यात नळाच्या तोट्यांचा ढीग आणि एक लहान मुलगी जमिनीवर पसरून चित्र रंगवत होती. डॉक्टर दारातच थबकले. सिस्टरच्या कानाशी लागून म्हणाले, "काय तयारी आहे बघा! खोली घेतली, संसार मांडला, मुलगीसुद्धा आणलीय."

नळवाल्याची बायको पदर खोचून पुढे आली. "आता घरापर्यंत आलात होय? गरज होती तेव्हा कुठे होता? बघा, त्या तुमच्या बाटल्या!"

खिडकीत दोन रिकाम्या लाल बाटल्या होत्या. मुलीने त्यात रंगाचे ब्रश खोचून ठेवले होते.

"रात्र रात्र बसून काढतात हे," बायकोचा आवाज एकदम कापला. "खोकून खोकून जीव अर्धा झालाय. मी अंधारात त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडलेली असते. माझ्या मनात काय काय येतं, कुणाला सांगू?"

"वा!" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"वा काय?"

सिस्टरनी डॉक्टरांना कोपराने ढोसलं आणि आपण पुढे झाल्या. मायलेकींची नीट चौकशी केली आणि दोघींनाही तपासायला बोलावलं. परतताना डॉक्टर खुशीत शीळ घालत होते. पैकीच्या पैकी मार्क पडल्यासारखं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबवाला समोर येऊन उभा राहिला. "साहेब, त्या कालच्या माणसाला टीबी आहे."

"अरे वा! म्हणजे खात्यानं थुंकीसुद्धा..."

"साहेब," लॅबवाला हळूच म्हणाला, "माणसाला खोटं बोलायला शिकवता येईल. थुंकीला कोण शिकवणार?"

डॉक्टरांनी मेव्हण्याला फोन लावला.

"आमचा माणूस? तो अजून निघालाच नाही, दाजी. त्यालाच सर्दी झालीय."

डॉक्टरांना खिडकीतल्या दोन लाल बाटल्या दिसल्या. पट्ट्याचं नवं भोक दिसलं. अंधारात कान लावून पडलेली ती बाई दिसली, जिला आपण 'वा' म्हणालो. लाजेने त्यांचा जीव एवढासा झाला. ते औषधं घेऊन उठले आणि सिस्टरची वाटही न बघता चालू लागले. वाटेत दोघांनी नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही.

त्या दिवशी जमिनीवर बसून त्यांनी नवराबायकोला सगळं समजावलं. हा आजार बरा होतो. पण गोळी चुकवायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचीही नाही. गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरून जायचं नाही.

"आधी दोनदा चुकलो," शेवटी ते म्हणाले. "आता चुकणार नाही."

नळवाला म्हणाला, "एक विचारू? काल मला 'छान करताय' का म्हणालात?"

"ते... पुन्हा कधीतरी सांगेन."

त्यानंतर डॉक्टरांनी एक नियम केला: जो येईल तो खोटाच आहे असं समजायचं आणि तसंच तपासायचं. कुणाला खुर्ची, कुणाला दिलासा, खोकणाऱ्याला डबी आणि जमेल तिथे घरी चक्कर. मशीनला उसंत मिळेना. बरेच जण वेळेवर सापडले आणि औषधाला लागले. लाल बाटल्यांवर धूळ बसली. वस्तीने डॉक्टरांचं नावही बदललं. आता सगळे त्यांना 'थुंका डॉक्टर' म्हणू लागले.

सहा महिने सरले. नळवाला गोळ्या संपवून आला तो गुबगुबीत होऊन. पट्ट्याचं जुनं भोकही त्याला आता घट्ट होत होतं. तपासणीत तो ठणठणीत निघाला, तेव्हा सिस्टरनी लॅबवाल्याला टाळी दिली आणि डॉक्टरांनी उगाच चष्मा काढून पुसला.

"आता तरी नळ बघू देता का?" नळवाल्याने विचारलं आणि तो बेसिनखाली शिरला. तेवढ्यात फोन वाजला.

"दाजी, निवांत व्हा. ती खोट्या पेशंटची योजनाच बारगळली. आता कुणी येत नाही."

डॉक्टरांनी फोन ठेवला. सिस्टर त्यांच्याकडेच बघत होत्या.

"कुणाचा हो?"

"मुख्य कचेरीतून," डॉक्टर घसा साफ करत म्हणाले. "खोटा पेशंट नक्की याच महिन्यात येतोय म्हणे. डोळ्यांत तेल घालून बसा."

सिस्टरची नणंद त्याच कचेरीत होती. योजना गुंडाळल्याचं त्यांना आठवड्यापूर्वीच कळलं होतं.

"हो साहेब," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मीही तेच ऐकलंय."

तेवढ्यात नातवाचा हात धरून एक आजोबा खोकत आत आले. डॉक्टर लगबगीने उठून पुढे झाले.

"या आजोबा, बसा! खोकला किती दिवसांपासून आहे?"

"माझं काही नाही हो. मी याच्या गुडघ्याची पट्टी बदलायला आलोय."

"सगळे असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी आजोबांच्या हातात डबी ठेवली.