काहीच न झालेली गाडी

वजनमापे निरीक्षकांच्या गाडीत कसलाही बिघाड नव्हता, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

निरीक्षकांची सारी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. ते कानावर आलं तरी त्यांना राग येत नसे, उलट बरंच वाटे. गाडीही त्यांनी आठ महिने अभ्यास करून घेतली होती. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, एकशे चाळीस अश्वशक्ती, आणि खरा जोर पावणेदोन हजार आरपीएमपासून पुढे. हे आकडे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येत. लग्नाची तारीख विचारली तर मात्र थोडं थांबावं लागे.

नऊ वर्षांत त्यांनी ती गाडी ताशी साठच्या वर कधी नेली नव्हती. ऊन लागून टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचे, रबरी पाइप तडकतात, म्हणून ती घराशेजारच्या शेडमध्येच उभी राहायची. कुठेही पोचलं की टर्बो निवावा म्हणून इंजिन बरोबर दोन मिनिटं चालू ठेवायचं, आणि तोवर कुणी दार उघडायचं नाही, असा नियम होता. बायकोने नऊ वर्षांत लोकांच्या दारासमोर दोन-दोन मिनिटं बसून काढली होती. एका बारशाला तर आत पेढे वाटून संपले तरी हे दोघं बाहेर घड्याळ बघत बसले होते.

आता बायको शाळेतून निवृत्त झाली होती. तीस वर्षं दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याने ठरवून दिलेलं शिकवल्यावर तिला स्वतःचा बालवर्ग काढायचा होता, आणि तो शेडमध्येच काढायचा होता, कारण दुसरी जागा नव्हती. अठरा मुलांची नावं आली होती. पहिल्या तारखेला मुलं येणार होती. बाईंना नोकरीत कधी वाटला नव्हता इतका आनंद झाला होता.

"गाडी रस्त्यावर लावा," ती म्हणाली.

"उन्हात? पाइप तडकतील."

"मग विकून टाका."

निरीक्षक चक्क हो म्हणाले. कारण त्यांच्या मनात एक भीती घर करून बसली होती. याच इंजिनाच्या मालकांनी मिळून इंटरनेटवर एक यादी केली होती: टर्बो जातो, त्याचे पाइप तडकतात, डिझेल फवारणारे इंजेक्टर गळतात, धूर परत इंजिनात फिरवणारी झडप तुंबते, सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर भरतो. आणि हे बहुधा नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास सुरू होतं. निरीक्षकांची गाडी एकोणनव्वद हजारांवर होती. अलीकडे काटा पुढे सरकला की त्यांच्या छातीत धडधडायचं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांना लांबलांबच्या गोठ्यांवर जायला दणकट गाडी हवी होती. निरीक्षकांनी आधी त्यांच्या हातात ती यादी ठेवली. ती त्यांनी प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली होती.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"या इंजिनाचे नेहमीचे आजार. घेणाऱ्याला माहीत असायला हवेत."

आतून कपबशी जोरात आपटल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी यादी मन लावून वाचली.

"टर्बो कधी बदलला?"

"बदललेला नाही. मूळचाच आहे."

"इंजेक्टर?"

"मूळचे."

"झडप एकदा तरी तुंबली असेल?"

"कधीच नाही."

"आणि फिल्टर?"

"आरशासारखा," निरीक्षक अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी यादी बॉनेटवर ठेवली आणि गाडीकडे एखादी गाय मान टाकून उभी असावी तसं पाहिलं.

"म्हणजे नऊ वर्षांत काहीच झालेलं नाही?"

"काहीही नाही!"

"मग सगळं माझ्याकडे आल्यावर होणार. साहेब, ज्या वासराला एकदाही ताप येऊन गेला नाही, त्याची मला भीती वाटते. यातलं एखादं होऊन, दुरुस्त होऊन गेलेलं असतं ना, तर मी आत्ता चावी मागितली असती."

ते गेल्यावर बायको बाहेर आली. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. लग्नाआधी तुमच्या घराण्यातल्या आजारांची यादी मला दिली होतीत का?"

"तू विचारली नव्हतीस."

"त्यांनी तरी कुठे विचारली होती!"

पुढच्या आठवड्यात आणखी दोघं येऊन गेले. त्यांनीही यादी वाचली, मान हलवली आणि चहा पिऊन गेले. टर्बो बदललाय असं खोटं सांगून मोकळं व्हायला कुणालाही जमलं असतं, पण काटेसाहेबांनी आयुष्यात पाच ग्रॅमचं खोटं चालवून घेतलं नव्हतं. मग एकच मार्ग उरला. गाडी खरोखर बिघडवायची आणि खरोखर दुरुस्त करून घ्यायची.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मन घट्ट केलं. ऑफिस पंचवीस किलोमीटरवर होतं, रस्ता मोकळा होता. त्यांनी गाडी ताशी नव्वदने नेली, मग शंभरने. इंजिन गरजलं, सीट पाठीला लागली, आणि निरीक्षकांच्या तोंडून आपोआप "अरे वा!" निघालं. नऊ वर्षं एकशे चाळीस घोडे बांधून ठेवले होते, हे त्यांना तेव्हा कळलं. पोचल्यावर दोन मिनिटं न थांबता लगेच इंजिन बंद करायचं असंही त्यांनी ठरवलं होतं. पण हात चावीवर जाऊनही फिरेना. ते घड्याळ बघत बसून राहिले. इतकी निष्ठुरता त्यांच्याच्याने होईना.

दोन आठवडे झाले तरी गाडीला काही होईना. उलट ती जास्तच चपळ झाली. शेवटी ते मिस्त्रीकडे गेले.

"मिस्त्री, हिच्यात एखादी गोष्ट बिघडलीय का बघा ना."

"काय होतंय?"

"काहीच होत नाही."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, कॉम्प्युटर जोडला, आणि हसायला लागला. "साहेब, पोरासारखी तब्येत आहे! पळवताय वाटतं हल्ली?"

"खूप. शंभरने."

"तरीच! अहो, डिझेलला तेच लागतं. लांब पळवलं की इंजिन तापतं, फिल्टरमधली काजळी आपोआप जळून जाते. तुम्ही तर हिला टॉनिक पाजताय."

"मग बिघडतात कशा?" निरीक्षकांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"जवळजवळच्या फेऱ्या मारून. चालू केली, वळणावर गेली, बंद केली. इंजिन तापतच नाही. काजळी साचत जाते आणि मग सगळं तुंबतं. पण तुमच्यासारखा माणूस असं थोडंच करणार!"

निरीक्षक खिन्न मनाने घरी आले. ऑफिस पंचवीस किलोमीटरवर, त्याला कोण काय करणार? त्यातच पुढच्या सोमवारपासून त्यांना आठ दिवस ऑफिसच्या जीपने दौऱ्यावर जायचं होतं. म्हणजे तेवढे दिवस गाडी नुसती शेडमध्ये उभी. पहिली तारीख पंधरा दिवसांवर आली होती, आणि बायकोने बोलणं कमी केलं होतं.

दौऱ्यावरून परतल्यावर सकाळी त्यांनी चावी फिरवली. समोर पिवळा दिवा लागला, मग दुसरा लागला. गाडी खोकली. मागून काळा धूर आला. रस्त्यावर जोर करायला गेले तर चाळीसच्या वर जाईना.

"देव पावला!" निरीक्षक एकटेच ओरडले, आणि लगेच त्यांनी स्टिअरिंगवरून हळूच हात फिरवला. नऊ वर्षांची सोबत होती.

मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा झडपेत बोटभर काजळी निघाली आणि फिल्टर गच्च भरलेला होता. "हे आठ दिवसांत कसं केलंत?" त्याने आदराने विचारलं. दोन दिवस खपून त्याने झडप बदलली, फिल्टर साफ केला आणि हाताशी होतंच म्हणून इंजेक्टरची वॉशरंही नवी घातली.

"आता दहा वर्षं हिच्याकडे बघायला नको. जे जायचं होतं ते जाऊन आलंय."

संध्याकाळी निरीक्षकांनी बायकोला विचारलं, "मी नसताना गाडी कुणी हलवली होती का?"

"मीच! अठरा खुर्च्या कोण आणणार होतं? रोज चार-पाच फेऱ्या व्हायच्या. कोपऱ्यावरचा सुतार, मग रंगवाला, मग छापखाना. सगळं हाकेच्या अंतरावर."

"आणि पोचल्यावर दोन मिनिटं?"

"अहो, मला कामं होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जे त्यांना जिवाचा आटापिटा करून जमलं नाही, ते हिने सहज करून दाखवलं होतं.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले, मिस्त्रीचा कागद दोनदा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"झडप गेली, फिल्टर तुंबला, वॉशरं नवी! वा! आता हिला काही होणार नाही. ताप येऊन गेलाय. द्या चावी."

निरीक्षकांनी खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला. नव्वद हजारांची रेघ कालच मागे पडली होती, आणि छातीत धडधडलं नव्हतं. यादीतलं निम्मं अरिष्ट टळून गेलं होतं. शिवाय शंभरचा वेग त्यांना आता चांगलाच आठवत होता.

"डॉक्टर, माफ करा. विकायची नाही."

"अहो, पण का?"

"अशी खात्रीची गाडी परत कुठे मिळणार? तुम्हीच तर पटवलंत."

डॉक्टर चहासुद्धा न घेता गेले. दारात बायको उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उद्या पहिली तारीख होती.

"आणि माझी अठरा मुलं?"

निरीक्षक शेडमध्ये गेले, गाडी बाहेर काढली आणि रस्त्यावर भर उन्हात लावली. मग खाली उतरून रिकाम्या शेडकडे आणि तापायला लागलेल्या बॉनेटकडे आळीपाळीने पाहिलं.

"पाइप तडकतील ना?" बायको डोळे पुसत म्हणाली.

"तडकू देत. यादीतलं उरलेलंही एकदा होऊन जाऊ दे," निरीक्षक म्हणाले, आणि तिच्या हातात चावी ठेवली. "आणि ते तुझ्याकडून लवकर होईल."