ट्रॅक्टरच्या चावीवर चालणारी अँबॅसडर

बन्सीधरअण्णा विहिरीत वाकून पाणी किती खाली गेलंय ते बघत होते, तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून काहीतरी निसटलं आणि खालून 'डुबुक' असा आवाज आला. अण्णांनी खिसा चाचपला. पांढऱ्या अँबॅसडरची चावी गेली होती. दुसरी चावी होती, पण ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून अण्णांनी ती पहिलीच्याच कडीत अडकवून ठेवलेली होती.

गाडी म्हणजे अण्णांचा जीव. झरी गावात कुणी तिला नुसतं टेकून उभं राहिलं तरी ते घरातून खाकरत. पुतण्याच्या लग्नात नवरदेवालासुद्धा त्यांनी आधी पाय झटकायला लावून मग आत घेतलं होतं.

"कुणाला उतरवावं का हिरीत?" त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी विचारलं.

"गाळ लय हाय. चावी ऱ्हाईल बाजूला, माणूसच काढावं लागंल."

शेवटी परभणीहून भुजंग मेकॅनिकला बोलावलं. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, बराच वेळ 'हूं हूं' केलं आणि बाहेर येऊन निकाल दिला.

"अण्णा, चावीचं स्विच बदलावं लागंल."

"मग बदल की."

"बदलतो. पर ते बाहीर काढायला आदी चावी फिरवावी लागती."

"आरं, चावी असती तर तुला कामून बोलावलं असतं?"

"ते बी खरंच हाय," भुजंग म्हणाला आणि त्यानं ड्रिल मशीन काढलं.

लेकराला सुई टोचताना बाप तोंड फिरवतो, तसे अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ड्रिल घरघरलं, सटकलं, आत कुठंतरी वायरीला वायर लागली आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना. गल्लीतली म्हैस दावं तोडून पळाली. लोक जमले आणि जो तो भुजंगला काय करायचं ते ओरडून सांगू लागला. हॉर्नमुळं कुणाचंच ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळे आणखी जोरात ओरडत होते. अखेर ट्रॅक्टरवाल्या लिंबाजीनं बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली, तेव्हा गाव शांत झालं.

जुनं स्विच निघालं, पण नवं मिळेना. ह्या गाडीचं सामान आता येतच नाही, असं परभणीतल्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं. मग भुजंगनं हिकमत केली. त्याच्या पिशवीत चावीसकट ट्रॅक्टरचं एक स्विच होतं, ते त्यानं त्या भोकात बसवलं. बॅटरीची वायर जोडून चावी फिरवताच गाडी सुरू झाली. अण्णांनी जमलेल्या सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आणि कस्तुराबाई मळ्यातून परत आले, तर दारात गाडी नव्हती. चावी मात्र अण्णांच्या खिशात होती.

"चोरी झाली वो!" अण्णांनी बोंब ठोकली.

ते पोलिसांकडं निघणार, इतक्यात गाडीच दारात येऊन थांबली. स्टिअरिंगवर लिंबाजी होता. शेजारी मेंढरं राखणारा रायभान बसला होता, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"लिंबाजी, चावी कुठं मिळाली तुला?"

"ट्रॅक्टरचीच लावली. सगळ्या ट्रॅक्टरला एकच चावी चालती, अण्णा. गावात कुणाला बी इचारा."

अण्णांच्या तोंडात चांगल्या सणसणीत शिव्या जमल्या होत्या. पण तेवढ्यात रायभान उतरला आणि त्यानं त्यांचे पायच धरले.

"सुनंला कळा सुरू झाल्या, अण्णा. ॲम्ब्युलन्स काय येईना. तुमाला लय हाका मारल्या. तुमची गाडी नसती तर आमच्या चंदाचं काय झालं असतं? नात झाली बगा!"

आणि त्यानं अण्णांच्या तोंडात पेढा कोंबला. शिव्या पेढ्यासोबत पोटात गेल्या.

अण्णांनी आत जाऊन भुजंगला फोन लावला. "ते स्विच काढ आन् दुसरं बसव."

"बसवतो की. पर मिळंल ते ट्रॅक्टरचंच मिळंल."

तेव्हापासून कुणाचं लेकरू तापलं, कुणाची रेल्वे चुकायला आली, की लोक दारात येत. विचारल्याशिवाय कुणी गाडी नेत नसे. पण चावी ज्याच्या त्याच्या कनवटीला असल्यावर 'नाही' कसं म्हणायचं, ते अण्णांना जमेना. तेल ज्याचं तो टाकत असे, आणि कुणाची पाळी कधी, ते लिंबाजी बघू लागला.

"दारात उभी ऱ्हाऊन गंजायलीच होती की," कस्तुराबाई म्हणाल्या.

एक दिवस अण्णांनाच परभणीच्या कृषी विद्यापीठातून बियाणं आणायचं होतं. त्यांनी रस्त्यानं चाललेल्या लिंबाजीला हाक मारली.

"लिंबाजी, उद्या गाडी मोकळी हाय का रं?"

लिंबाजी घुटमळला. "उद्या भागुबाईला चुडाव्याला लेकीकडं न्यायचंय, अण्णा. पर वाटंत परभणी हाय. तुमी बी चला की. म्हातारी बसंल पुढं, तुमाला मागं सरकून जागा करू."

अण्णा लिंबाजीच्या जवळ सरकले. मग इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले,

"खिडकीकडंची ठेव मग. मागं बसलं की मला गाडी लागती."