अथवा समतुल्य

बायकोसाठी गेम खेळायचा कंप्युटर जुळवून घ्यायचा आणि त्याचे भाग मी निवडायचे, एवढाच निर्णय मी त्या रविवारी घेतला. निर्णय छोटा होता. (मोठे निर्णय आमच्या घरी परस्पर होतात आणि मला ते जेवताना कळतात.)

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढच्या गोष्टीचं फार आश्चर्य वाटणार नाही. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. आहे. लातूरच्या एका कॉलेजातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आणि घराला कुलूप लावल्यावर ते लागलं की नाही हे बघायला मी निम्म्या रस्त्यातून परत येतो. चाळीस वर्षं संभाव्यता शिकवल्यामुळे काहीही होऊ शकतं यावर माझा गाढ विश्वास आहे.

आता शिवम्मा, म्हणजे माझी पत्नी. वय अडुसष्ट, माहेर उदगीर. गेल्या उन्हाळ्यात आमचा नातू शिवप्रसाद हैदराबादहून आला आणि आजीला शेतीचा एक गेम शिकवून गेला. त्यात ट्रॅक्टर असतो, नांगरणी असते, पेरणी असते. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता तो तिकडून आणि ही इकडून, अशी दोघांची भागीत शेती चालते. आमच्याकडे प्रत्यक्षात गच्चीवर कढीपत्त्याची एक कुंडी आहे; पण गेममध्ये चाळीस एकर सोयाबीन. कानाला हेडफोन लावून ही हॉलमधून ओरडते, "अरे, बांध कोरू नको, बांधाच्या पल्याडचं बी आपलंच हाय!"

हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं. तो तापायचा. शिवम्मा त्याला दोन स्टीलच्या वाट्यांवर ठेवून समोर टेबलफॅन लावायची. त्या रविवारी सोयाबीन काढणीला आलं आणि लॅपटॉपने एक लांब उसासा टाकून मान टाकली. पुन्हा काही तो उठला नाही.

"आता गं माय," शिवम्मा म्हणाली. "अन् पोरगं तर सोमवारी चाललं."

खरा पेच तोच होता. पुढच्या सोमवारपासून शिवप्रसाद तिकडच्या निवासी कॉलेजात जाणार होता. अकरावी-बारावी, दोन वर्षं, मोबाइल बंद, गेम तर दूरच. मध्ये एकच रविवार उरला होता. त्या रविवारी चार वाजता आजी-नातवाने मिळून सोयाबीन काढायचं, नाहीतर ते दोन वर्षं तसंच उभं राहणार. शिवम्मा यावर काही बोलली नाही. नुसती बंद पडद्यावरची धूळ पदराने पुसत बसली. तिला काही बोलायचं असलं की मी घाबरतो; पण काही बोलायचं नसलं की जास्त घाबरतो. म्हणून मी म्हणालो, "मी आणतो नवा. रविवारच्या आत."

शिवप्रसादने तासाभरात यादी पाठवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. प्रत्येकापुढे कंपनी आणि नंबर. खाली लिहिलं होतं, "आजोबा, पंचावन्न हजारांत बसतं. एकाच दुकानातून घ्या. यात काही बदलू नका."

आता तुम्हीच सांगा, मी एकोणीस वर्षं कॉलेजच्या खरेदी समितीवर होतो. कंपनीचं नाव घालून वस्तू मागवणं म्हणजे नियमाचा उघड भंग! मी रीतसर मागणीपत्र टाइप केलं आणि प्रत्येक वस्तूपुढे, आयुष्यभराच्या सवयीने, दोन शब्द जोडले: "अथवा समतुल्य". मग लातूर, नांदेड आणि उदगीर अशा तीन दुकानांकडून सीलबंद दरपत्रकं मागवली.

लातूरचा दुकानदार दयानंद हा माझा जुना विद्यार्थी. (नापास झालेला. त्यामुळे तो मला विसरलेला नाही.)

"सर, व्हॉट्सॲपवर टाकतो की भाव."

"सीलबंद पाहिजे."

"व्हॉट्सॲप सीलबंदच असतंय, सर. कंपनीवाल्यालाबी दिसत न्हाई."

"लाख नसली तरी चालेल, पण पाकीट पाहिजे."

बुधवारपर्यंत तिन्ही पाकिटं आली. दरपत्रकं उघडायला समितीचे किमान तीन सदस्य लागतात. शिवम्मा शेंगा फोडत बसली होती, ती एक. मी अध्यक्ष. तिसरे म्हणून शेजारचे सटवाजी कदम यांना बोलावलं. ते तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठल्याही कागदावर न वाचता सही करू शकतात.

"पण सर," सटवाजींनी सही करून झाल्यावर विचारलं, "हे हाय कशाचं?"

"कंप्युटरचं."

"मग ठीक."

मी तुलनात्मक तक्ता तयार केला. सहा वस्तू, तीन दुकानं, अठरा चौकोन. प्रत्येक ओळीत सगळ्यात कमी भावाला लाल गोल. प्रोसेसर आणि रॅम लातूरची, मदरबोर्ड आणि कॅबिनेट उदगीरचं, ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय नांदेडचा. एकूण सहा हजार तीनशे चाळीस रुपये वाचत होते. मी बेरीज चार वेळा तपासली. बरोबर होती. माझी बेरीज नेहमी बरोबर येते. गोंधळ नेहमी बेरजेच्या आधी झालेला असतो.

"शिवप्रसादनं एकाच दुकानातून घ्या म्हणलं होतं," शिवम्मा शेंग फोडत म्हणाली.

"लहान आहे तो. त्याला स्पर्धात्मक दर माहीत नाहीत."

"हाव," ती म्हणाली, म्हणजे "हो", आणि तिने पुढची शेंग उचलली. हे "हाव" मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

शुक्रवारी मी एसटीने नांदेडला गेलो आणि ग्राफिक्स कार्डाचा खोका मांडीवर घेऊन परत निघालो. खोका मोठा होता. लोह्यापर्यंत शेजारी बसलेल्या उमरीच्या एका शेतकऱ्याने तो तीनदा निरखला.

"काय हाय काका ह्यात?"

"कंप्युटरचा भाग आहे. चित्र स्वच्छ दिसतं त्याने."

"केवढ्याला पडलं?"

मी सांगितलं.

"ह्याच्यात दोन शेळ्या आल्या असत्या की ओ!" तो कळवळून म्हणाला. "अन् त्या गाभण राहिल्या असत्या, ते येगळंच."

चाकूरपर्यंत मी मनात शेळ्यांचाच हिशोब करत होतो आणि चाकूरला उतरून परत जावं की काय, असंही वाटून गेलं.

शनिवारी उदगीर. मदरबोर्ड आणि कॅबिनेट घेऊन संध्याकाळी घरी आलो आणि सगळे सहा खोके हॉलमध्ये ओळीने लावले. मला भरून आलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी मी स्वतः निवडलेल्या वस्तू मोजक्याच. त्यातली एक साडी होती, ती आता आमच्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली असते.

रविवारी सकाळी दहाला तनुजा आली. तिचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अख्ख्या कॉलनीचे प्रिंटर तिच्या धाकात असतात. तिने स्क्रू-ड्रायव्हर काढला, खोके उघडले आणि प्रोसेसर व मदरबोर्ड दोन हातांत धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"सर, हे कोणी निवडलं?"

"समितीने," मी म्हणालो.

"हा प्रोसेसर एका कंपनीचा. मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठीचा. हा ह्याच्यात बसत न्हाई."

"थोडा दाबून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच विषय बदलला. "रॅम तरी...?"

"रॅम चौथ्या पिढीची. बोर्ड पाचव्या पिढीचा. खाचच येगळी असती."

"एका पिढीचाच तर फरक आहे."

"सर, तुमच्यात अन् शिवप्रसादमध्ये दोन पिढ्यांचा हाय. जमतंय का तुमचं?"

मी कॅबिनेटकडे आशेने बघितलं. सगळ्यात स्वस्त, सुबक, टुमदार. तनुजाने ग्राफिक्स कार्ड त्यात घालायचा प्रयत्न केला. कार्डाला तीन पंखे होते. दोन आत गेले. तिसरा बाहेर राहिला, एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसासारखा.

"पण मी 'अथवा समतुल्य' लिहिलं होतं," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"तेच झालंय सर. प्रत्येकाने समतुल्य दिलं. कुणीच कुणाला इचारलं न्हाई."

मी खुर्चीत बसलो. एकोणीस वर्षं मी खडू, डस्टर, बाक आणि पंखे खरेदी केले. कुठलाही खडू कुठल्याही फळ्यावर चालतो. डस्टरची पिढी मला कधी कुणी विचारली नव्हती. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी मनातल्या मनात शिवप्रसादला फोन लावून माफी मागितली, मग प्रत्यक्ष लावावा की काय या विचारात पाच मिनिटं घालवली, मग बी.पी.ची गोळी घेतली, आणि मग ती सकाळीही घेतली होती का, या काळजीत पडलो.

शिवम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने हॉलमधला पसारा बघितला, माझा चेहरा बघितला, तनुजाला दोन प्रश्न विचारले आणि मला काही न विचारता मोबाइल उचलला.

"दयानंद? मी शिवम्मा काकू. जेवलास का? आई बरी हाय का? सोमवारी मठात भेटली न्हाई ती. हं. ऐक, तुझ्या सरांनी घोळ करून ठेवलाय."

पलीकडून आवाज ऐकू येत होता. "काकू, सरांनीच लिहून मागितलं. मी म्हणलं होतं, सगळं एका जागी घ्या. तर पाकीट पाहिजे म्हणले!"

"ते राहू दे. त्यांच्याकडं मी बघते. तू लिहून घे." आणि मग माझ्या बायकोने, जी रिमोटवरचं बटण विचारायलाही मला बोलावते असा माझा समज होता, शिवप्रसादची अख्खी यादी नंबरासकट वाचून दाखवली. मोबाइलमध्ये बघून! "प्रोसेसर अन् पॉवर सप्लाय हाय तेच चालतंय म्हणते तनुजा. रॅमबी तुझीच हाय, चालतीय. कार्डबी राहू दे. बोर्ड अन् मोठं कॅबिनेट घेऊन ये. उदगीरचं सामान तू घेऊन जा, ते दुकान माझ्या माहेरच्या मलप्पा मामांचं हाय, तिथं वापस दे. त्यांना मी सांगते. दोनच्या आत ये. जेवायला इथंच."

फोन ठेवला. मी बघतच राहिलो.

"तुझ्याकडे यादी होती?"

"शिवप्रसादनं दोघांनाबी पाठवली होती. म्हणला, आजोबा काहीतरी करतील, तू जपून ठेव."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करू लागले होते," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून कुठं गावोगाव हिंडता तुम्ही? म्हणलं, हिंडू द्या दोन दिवस."

मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईट. कशाचं प्रमाण जास्त होतं, हे अजून ठरलेलं नाही.

दयानंद पावणेदोनला आला. माझ्या वाचलेल्या सहा हजारांतले पाच हजार नऊशे तिथेच गेले, उरलेले एसटीच्या तिकिटात आधीच गेले होते. तनुजाने भाग जोडायला सुरुवात केली. या वेळी सगळं आपापल्या जागी टक् टक् करत बसलं. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क काढून तिने याला जोडली, म्हणजे गेम पुन्हा उतरवायला नको, आणि पडदा म्हणून हॉलमधला टीव्ही लावला. पावणेचारला तिने बटण दाबलं. तीनही पंखे एकदम फिरले आणि पडद्यावर सोयाबीन आलं. पिवळं, उभं, वाऱ्यावर हलणारं. दयानंद जेवून निघाला होता, तोही दारातून परत आला.

बरोबर चार वाजता शिवप्रसादचा आवाज आला. "आजी! शेंगा फुटायच्या आत काढू. तू पूर्वेकडून ये."

"आले रे बाळा. तू घाई करू नको, दाणे सांडतील."

दोघांनी मिळून दीड तासात चाळीस एकर काढलं. मध्ये तो म्हणाला, "आजी, दोन वर्षं मी नसणार. शेत विकून टाकशील?"

"विकते कशाला? तू येईपर्यंत मी कसते की."

"एकटी?"

शिवम्माने चष्मा काढून पुसला. तिथे माझ्याने राहवलं नाही. मी पुढे सरकलो आणि हेडफोनमध्ये तोंड घालून जाहीर केलं, "एकटी कशाला? मी आहे! रविवारी चार वाजता मी बसत जाईन आजीबरोबर."

"खरंच, आजोबा? मग आताच चालवून बघा ना. शेवटचा तुकडा राहिलाय, एक एकर. समोर सरळ जायचं फक्त."

शिवम्माने खुर्ची दिली. मी हार्वेस्टर सुरू केला. सरळ जायचं होतं. पण सरळ जाताना पुढे काय असेल याची मला चिंता वाटली म्हणून मी थोडा डावीकडे वळलो. डावीकडे बांध होता. तो चुकवायला उजवीकडे. उजवीकडे शेततळं होतं. थांबायचं बटण कुठलं, हे विचारायचं की शोधायचं, असा मी विचार करत असताना हार्वेस्टर शांतपणे पाण्यात उतरला आणि टपापर्यंत बुडाला. वर दोन बुडबुडे आले.

"छान, आजोबा," शिवप्रसाद म्हणाला. पोरगं संस्कारी आहे. "पहिल्याच वेळी इतकं लांब नेलंत."

मग तो बोलायचा थांबला आणि त्याने आजीला काहीतरी टाइप करून पाठवलं. पण ते पडद्याच्या कोपऱ्यात, माझ्या नाकासमोर उमटलं: "आजी, आजोबा नकोत. गेममध्ये पगारी गडी मिळतो, कंप्युटर स्वतःच चालवतो त्याला. रोजंदारी स्वस्त आहे आणि तो तळ्यात जात नाही."

शिवम्माने ते वाचलं. मी ते वाचलंय हेही तिने बघितलं. मग तिने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि माझ्याकडे न बघता एक बटण दाबलं. पडद्यावर निळी टोपी घातलेला एक माणूस आला, नव्या हार्वेस्टरवर बसला आणि एकदम सरळ रेषेत निघाला.

"उठा," ती हळूच म्हणाली. "त्याची खुर्ची मोकळी करा अन् चहा टाका. साखर किती घालायची, ते मला इचारून घाला."