भुकटीचा मान्यताप्राप्त उपयोग

भोक पाडणे ही क्रिया समाजात फारशी प्रतिष्ठेची मानली जात नाही. मात्र तेच भोक डोळ्यांना दिसेनासे होईल इतके बारीक केले, की त्याला अनुदान मिळते. या तत्त्वावर उभ्या असलेल्या एका संशोधन संस्थेत ती काम करत होती. सांध्यांना धातूचे अणू आणि त्यांना जोडायला कार्बनी रेणूंच्या दांड्या, असा एक सूक्ष्म सांगाडा तिने रचला होता. दिसायला पांढरी भुकटी. आत नुसत्या खोल्याच खोल्या. चिमूटभर भुकटीतल्या खोल्या उलगडून पसरल्या, तर खेळाचं मैदान झाकलं जाईल. (तिच्या घरात पाळणा ठेवल्यापासून कपाटाचं दार अर्धंच उघडत असे. पण तो विषय संशोधनाच्या कक्षेबाहेरचा.)

"म्हणजे आत काहीच नाही?" सासूबाईंनी बाळाला थोपटत विचारलं होतं.

"काहीच नाही, आई. तेच तर वैशिष्ट्य."

"अगंबाई! आणि त्याचा पगार देतात?"

"अजून तरी देतात."

'अजून तरी' हे शब्द महत्त्वाचे. तिची नेमणूक कंत्राटी होती आणि मूल्यमापन समिती बसायची होती. समितीचं म्हणणं सरळ होतं: भुकटीचा उपयोग दाखवा, नाहीतर जागा रिकामी करा.

अशा कणांचे उपयोग शोधनिबंधांत मुबलक आढळतात. औषध पोटात घेऊन ते नेमक्या पेशीपर्यंत पोचवणे, कोरड्या हवेतून पाणी वेचणे, धुराड्यातला वायू धरून ठेवणे वगैरे. तिच्या कणांनी यातलं एकही काम अंगाला लावून घेतलं नव्हतं. औषध त्यांनी घेतलं, पण पाण्यात पडताच सांगाडाच विरघळला. (माणसाच्या शरीरात पाणी फार असतं. ही माणसाची त्रुटी आहे, असं तिने अहवालात सौम्य शब्दांत सुचवलं होतं.) धुराड्यातल्या वायूकडे तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि एके सकाळी तपासणी यंत्राने आलेखावर ताडकन सुळका काढला. कणांच्या खोल्या कसल्याशा वायूने गच्च भरल्या होत्या. विभागप्रमुख चहाचा कप हातात घेऊनच धावत आले.

"अगं, हे काय पकडलंस तू?"

"बघते, सर."

"बघतेस काय! आधी सगळ्यांना कळवू, मग बघ." (प्रस्थापित कार्यपद्धती हीच आहे.)

दुपारी दारातल्या फलकावर 'अज्ञात वायूचे ऐतिहासिक बंदिस्तीकरण' झळकलं आणि त्यानंतर तिला तो वायू ओळखू आला. अमोनिया. प्रयोगशाळेत तर अमोनिया कुणी वापरत नव्हतं. मग तिने बॅग उघडली. यंत्र दुसऱ्या इमारतीत असल्यामुळे आदल्या दिवशी तिने भुकटीची कुपी याच बॅगेतून नेली होती. झाकण सैल. शेजारी, पाळणाघरातून आणलेला आणि साफ विसरलेला ओला लंगोट.

तिने तो भीत भीत नाकाशी नेला. वास नव्हता. म्हणजे होता, पण तो दुधाचा, बाळाच्या मानेच्या वळ्यांतला, कोवळा. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. (हे निरीक्षण नोंदवलेलं नाही.)

शास्त्राला पुनरावृत्ती लागते. बाळाने ती उदारपणे पुरवली. दर खेपेला निकाल तोच.

"फक्त 'लंगोट' म्हणू नकोस," समितीच्या दाराशी विभागप्रमुख कुजबुजले. "'जैव-आर्द्र वस्त्र' म्हण." पण घाबरली की तिच्या तोंडून खरंच निघत असे. (या दोषावर उपचार चालू आहेत.)

"ओल्या लंगोटाचा वास ही भुकटी शोषून घेते, सर," ती म्हणाली. "पाळणाघरांत, दवाखान्यांत, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल अशा घरांत..."

अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला. (खोलीत कसलाही वास नव्हता, तोच तर प्रयोगाचा निष्कर्ष होता.)

"बाई, हे म्हणजे उद्यापासून कुणालाही वापरता येईल!"

"हो, सर."

"मग यात संशोधन ते काय राहिलं?"

सदस्यांनी माना डोलावल्या. एकाने कागद आवरायला घेतले. नोकरी गेली की पाळणाघर गेलं, पाळणाघर गेलं की दुसरी नोकरी शोधायचा वेळही गेला, हे सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"अंतराळवीरांनाही लंगोट लागतात, सर," ती म्हणाली.

रुमाल हळूहळू खाली आला.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"

तिला भरघोस मुदतवाढ मिळाली. तिने इतके आभार मानले की शेवटी अध्यक्षांनीच दार उघडून दिलं. अट एकच: भुकटीचा उपयोग यापुढे पृथ्वीबाहेरच दाखवायचा, पृथ्वीवर तो चुकून झालाच, तर ती गौण निष्पत्ती समजून दुर्लक्षावी. तिने अट तत्काळ मान्य केली. भुकटी तेव्हापासून कुलपात आहे आणि पाळणाघरात पूर्वीसारखाच वास येतो.

दरम्यान, समितीवर बाहेरच्या सदस्याची एक जागा भरायची आहे. शिक्षणाची अट नाही. या मजकुरात तिने ओला लंगोट नाकाशी नेला, त्या ओळीवर ज्यांचं नाक आपोआप मुरडलं (कागदाला कसलाही वास येत नसताना), त्यांची निवड झालेली आहे. त्यांनी रुमाल घेऊन यावे.