व्हर्लिनचा कुत्रा आणि पाटीची मागची बाजू

व्हर्लिन टॉलेफसन कुणाला मत देतो, हे विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं, आणि याचा त्याला कोण अभिमान! एकतीस वर्षं त्यानं गावात टपाल वाटलं; लाल पक्षाची पत्रकं लालांना, निळ्या पक्षाची निळ्यांना, चेहरा असा कोरा ठेवून की त्यापुढे नवं पाकीट बोलकं वाटावं. "बायकोलासुद्धा कळू दिलं नाही," तो सांगायचा. ती बिचारी गेली, पण उत्तर न मिळवताच गेली.

निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे लोक त्याच्या दारात अंगणात रोवायच्या पाट्या ठेवून जात. तो सगळ्यांना "वा, छान!" म्हणे आणि पाटी गराजमध्ये टाके. अकरा लाल, बारा निळ्या.

ऑक्टोबरात त्याचा म्हातारा कुत्रा हरवला. नाव ग्रेव्ही. हृदयाचा रोगी, सकाळ-संध्याकाळ चीजमध्ये लपवून गोळी द्यावी लागे. दोन दिवस गोळी चुकली तर खेळ खलास, असं डॉक्टरनं बजावलेलं. घरात व्हर्लिनशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तसा ग्रेव्हीही फारसा बोलत नसे, पण ऐकायचा.

व्हर्लिननं झटपट ग्रेव्हीचा फोटो छापला आणि गराजमधली हाताला लागेल ती पाटी घेऊन तिच्या एका बाजूला चिकटवला. फुकटात फलक! कोपऱ्यावर, बायकोच्या मैत्रिणीच्या, आर्डिसबाईंच्या घरासमोर, पाटी ठोकली. रस्त्याकडे ग्रेव्ही. मागच्या बाजूला, म्हणजे आडव्या गल्लीकडे आणि थेट आर्डिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, काय आहे ते बघायचं राहून गेलं.

तासाभरात शेजारचा लायल पिकअप घेऊन हजर.

"व्हर्लिन, लेका! उतरलास एकदाचा मैदानात!"

"कुठल्या मैदानात?"

"लाजतोस काय नव्या नवरीसारखा! लाल पाटी लावलीस ना कोपऱ्यावर? आता बघच, तुझा कुत्रा म्हणजे आपला कुत्रा!"

पाठोपाठ आठ माणसं आणि तीन शिकारी कुत्री आली. खरं सांगावं तर शोधमोहीम परत जाईल. व्हर्लिन गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या गप्प बसण्याचा काही अर्थ निघाला!

रात्रभर मात्र मन त्याला खात राहिलं. सकाळी समतोल राखावा म्हणून त्यानं पहिलीच्या शेजारी दुसरी पाटी ठोकली. तिच्याही पुढच्या बाजूला ग्रेव्ही, मागे निळा उमेदवार.

दुपारपर्यंत आठही माणसं तिन्ही कुत्र्यांसकट घरी गेली. कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "दोन दगडांवर पाय!" दुसरा म्हणाला, "असल्या माणसाचा कुत्रा तरी कशाला थांबेल?" कित्येक वर्षांत पहिल्यांदाच लाल आणि निळे एकाच वाक्याला एकत्र हसले.

एकटा लायल गुडघाभर पाण्यात दलदल तुडवत राहिला. "तू गाढव आहेस," तो फोनवर म्हणाला, "पण कुत्र्याचा काय दोष?"

चौथ्या दिवशी सकाळी आर्डिसचा फोन आला. व्हर्लिनच्या बायकोशी तिची चाळीस वर्षांची मैत्री, चर्चमधली.

"ग्रेव्ही माझ्याकडे आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आर्डिस! अगं, त्याच्या गोळ्या..."

"दिल्या. डॉक्टरकडून आणल्या, चीजमध्ये घालून दिल्या. मी काय राक्षसीण आहे?"

"मग मला फोन का नाही केलास?"

"खिडकीतून तुझी पाटी वाचली ना! म्हटलं, चाळीस वर्षं या माणसाला ॲपल-पाय करून खाऊ घातले आणि हा असला निघाला! मग दुसरी लावलीस. आता नक्की काय ते ठरव बाबा. लाल काढ, निळी तुझ्या अंगणात लाव, छातीठोक. मग घेऊन जा."

"नाही लावली तर?"

"तर तो इथे सुखात आहे."

व्हर्लिननं जाऊन आर्डिसच्या खिडकीतून आत पाहिलं. ग्रेव्ही खरंच सुखात होता. तरी व्हर्लिनला बघून त्याची शेपटी हलली, आणि एकतीस वर्षांचा कोरा चेहरा क्षणात विरघळला. दहा मिनिटांत लाल पाटी निघाली, निळी त्याच्या अंगणात उभी होती आणि ग्रेव्ही तिच्या पायथ्याशी!

तो शेवटचा घाव घालत होता तेवढ्यात लायलचा पिकअप थांबला. मांड्यांपर्यंत चिखल, हातात ग्रेव्हीसाठी आणलेली सॉसेजची पुडी. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं. मग पाटीकडे.

"सापडला वाटतं."

"हो. लायल, ऐक ना, त्याचं असं झालं..."

"बरं झालं सापडला," लायल म्हणाला. पुडी कुंपणावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर त्यानं व्हर्लिनकडे मान वर करून पाहिलं नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जाऊ लागला.

एके दिवशी तो असाच पलीकडून जाताना अंगणातून दिसला, तेव्हा धावत जाऊन त्याला सगळं समजावून सांगावं असं व्हर्लिनला फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मेल्या लालांची जातच असली!"

कोण बोललं म्हणून त्यानं दचकून मागे पाहिलं. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं.